चौथ्या तासाचं दुखणं

उर्वी धुरीला गणिताची भीती वाटेल, असं कुणी सांगितलं असतं तर मस्कतजवळच्या सीबमधल्या त्यांच्या बिल्डिंगमधली माणसं हसली असती. दहावीपर्यंत इंडियन स्कूलमध्ये तिने गणितात पहिला नंबर सोडला नव्हता. तिची रीत साधी होती. जुने पेपर घ्यायचे आणि एकेका प्रकारची गणितं इतक्या वेळा सोडवायची की प्रश्नाची पहिली ओळ वाचताच हात चालायला लागला पाहिजे. डोकं मागून आलं तरी चालायचं.

अकरावीत शाळा बदलली. तिची आई सुगंधा नर्स. बरीच वर्षं क्लिनिकमध्ये शिफ्ट करून करून ती थकली होती, आणि मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका शाळेत तिला नर्सची नोकरी मिळाली. शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना प्रवेश मिळत होता. उर्वीचे वडील बाळकृष्ण कुरुमच्या एका हॉटेलात एसीच्या मेंटेनन्सचे सुपरवायझर होते. मुलगी इंजिनिअर होणार हे त्यांनी हॉटेलातल्या निम्म्या लोकांना सांगून ठेवलं होतं. विषय निवडताना उर्वीने काही विचार न करता प्री-कॅल्क्युलसवर खूण केली. गणितच तर आहे, तिला वाटलं.

पहिल्याच दिवशी शेजारी बसलेल्या अमरीनने तिला विचारलं, "तू स्वतःहून घेतलास हा विषय?"

"हो. का?"

"माझी बहीण होती ह्या वर्गात. रोज रडत घरी यायची."

तेवढ्यात सफिया मिस आल्या. उंच, अंगभर काळा अबाया, आवाज इतका हळू की ऐकायला सगळ्यांना गप्प बसावंच लागायचं. त्यांनी हजेरी घेतली नाही, पुस्तकं उघडायला सांगितली नाहीत. टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "ह्या वर्गात वर्षभर काय होणार ते आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तक्रार नको. इथे तुम्हाला पुष्कळदा काही समजणार नाही. ते ठरलेलंच आहे. मी रीत न शिकवता आधी प्रश्न देईन. मी कुणालाही, कधीही फळ्यावर बोलवेन. उत्तर चुकलं तर मी रागावणार नाही. पण 'मला माहीत नाही' म्हणून खाली बसता येणार नाही. काय माहीत नाही हे सांगायचं आणि मग काय माहीत आहे तेही सांगायचं. तोवर मी थांबेन. मला घाई नसते."

मुलं हसली. उर्वीही हसली.

दुसऱ्याच आठवड्यात तिची पाळी आली. मिसनी फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढलं, त्याच्या कडेवर एक ठिपका दिला आणि म्हणाल्या, "हा ठिपका गोल फिरतोय. जमिनीपासून त्याची उंची कशी बदलेल त्याचा आलेख काढ. उर्वी, तू ये."

उर्वी उठली. खडू नव्हता, मार्कर होता. तो तिने हातात घेतला आणि नेहमीसारखी वाट पाहिली, की आता आतून रीत वर येईल. आली नाही. आकडा एकही नव्हता. समीकरण नव्हतं. ह्या तोंडवळ्याचं गणित तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिने वर्तुळाकडे पाहिलं, पांढऱ्या फळ्याकडे पाहिलं. पाठीमागे एसीची घरघर चालू होती. कुणीतरी खुर्ची सरकवली.

"काय माहीत आहे तेवढं सांग," मिस म्हणाल्या.

तिच्या तोंडातून शब्द फुटेना. मिस थांबल्या. म्हटल्याप्रमाणे खरंच थांबल्या. रागाने ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, एकदाचं होऊन गेलं असतं. पण त्या शांतपणे उभ्या होत्या, आणि सगळा वर्ग तिच्या पाठीकडे बघत होता, आणि ते बघणं तिला शाळेच्या शर्टातून कातडीवर कळत होतं. पोटात काहीतरी पिळवटत वर आलं.

"मिस, मला उलटी होतेय," ती म्हणाली, आणि मार्कर हातात तसाच घेऊन बाहेर पळाली.

नर्सची खोली खालच्या मजल्यावर होती. सुगंधाने लेकीचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि हातातलं काम टाकून तिला कॉटवर निजवलं. "काय झालं गं? सकाळी काय खाल्लंस?"

"पोटात… खूप दुखतंय, मम्मी."

ते खोटं नव्हतं. पोट खरंच दुखत होतं. कॉटवर पडल्यावर, पडदा ओढल्यावर, आईचा हात कपाळावर आल्यावर ते हळूहळू ओसरलं. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा उर्वीला साधी भूकही लागली होती.

गणिताचा तास चौथा असायचा. त्यानंतर पोट चौथ्या तासालाच दुखायला लागलं. आधी वर्गाच्या दारात, मग जिन्यात, मग सकाळी सीबहून निघताना गाडीतच. हायवेवर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत असायच्या, सुगंधा स्टिअरिंगवर बोटं वाजवत असायची, आणि शेजारी बसलेली उर्वी मनातल्या मनात म्हणत असायची, की ट्रॅफिक असाच राहू दे, आपण पोचूच नये. काही दिवस ती वर्गात बसायची, मान खाली घालून, आपल्याकडे मिसची नजर वळू नये म्हणून श्वाससुद्धा बेताने घेत. काही दिवस ते जमायचं नाही आणि ती खाली पळायची.

सुगंधाच्या जिवाला घोर लागला. त्यालाही कारण होतं. नव्यानेच नर्स झाली तेव्हा कुडाळला तिच्या वॉर्डात एक कॉलेजातली मुलगी आणली होती. घरच्यांनी अपचन समजून ओवा चारला होता, आणि पोटात अपेंडिक्स फुटलं होतं. ती मुलगी वाचली नव्हती. सुगंधाने हे घरात दोन-तीनदा सांगितलं होतं, आणि प्रत्येक वेळी सांगताना तिचा आवाज उतरायचा.

त्यामुळे आता ती कॉटशेजारी बसून पोट दाबून बघायची आणि विचारायची. "आधी बेंबीपाशी दुखतं, मग उजवीकडे सरकतं, असं होतं का? दाबल्यावर जास्त दुखतं, की हात सोडल्यावर? उडी मारली तर?"

उर्वीने आधी खरं ते सांगितलं, की नक्की कळत नाही. पण आईचे प्रश्न पुन्हा पुन्हा तेच यायचे. कुठल्या उत्तराला तिचा चेहरा सैल पडतो आणि कुठल्या उत्तराला ताणतो, हे उर्वीला दिसायचं. प्रश्नांचा नमुना ओळखायचा आणि अपेक्षित उत्तर द्यायचं, हे तिला जन्मभर जमत आलं होतं. तिने मुद्दाम काही ठरवलं असं नाही. एक दिवस तोंडातून निघून गेलं.

"हात सोडल्यावर जास्त दुखतं, मम्मी. इथे. उजवीकडे."

त्या दिवशी युनिट टेस्ट होती, चौथ्या तासाला. सुगंधाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग टेबलावरून गाडीची किल्ली उचलली.

हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत उर्वीला खरं सांगायचं तर सुटल्यासारखंच वाटत होतं. टेस्ट मागे पडली होती. गाडीची काच गरम होती, तिने कपाळ काचेला टेकवलं आणि डोळे मिटले. आई मात्र फोनवर बाबांना सांगत होती, आणि सांगता सांगता तिचं मराठी कुडाळचं व्हायला लागलं होतं. ते फक्त ती फार घाबरली की व्हायचं.

रक्त घेतलं. सोनोग्राफी झाली. सोनोग्राफीत अपेंडिक्स नीट दिसलंच नाही, रक्ताचा रिपोर्ट ना धड असा ना तसा. सर्जन होत्या डॉ. नौशीन. मूळच्या महाडच्या, त्यामुळे त्या सुगंधाशी मराठीतच बोलल्या. त्यांनी उर्वीचं पोट तपासलं.

"इथे दुखतं?"

"हो."

"दाबल्यावर की सोडल्यावर?"

"सोडल्यावर."

"सुरुवात कुठे झाली?"

"बेंबीजवळ. मग राइट साइडला… सरकलं."

डॉ. नौशीननी एक भुवई उचलली. पण सुगंधा पलीकडून घाईघाईने म्हणाली, "डॉक्टर, महिनाभर चाललंय हे. मी नर्स आहे, मला माहितीये उशीर झाला तर काय होतं ते. प्लीज, थांबू नका."

"थांबायचं नाही, पण घाईही करायची नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ॲडमिट करू. पाणीसुद्धा द्यायचं नाही. थोड्या वेळाने मी परत तपासते. तेव्हाही असंच दुखत असेल तर दुर्बिणीने आत बघू, आणि लागलंच तर अपेंडिक्स काढून टाकू."

उर्वीने ते ऐकलं, आणि तिच्या मनात जो पहिला विचार आला त्याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. तिला वाटलं, बरं झालं. ऑपरेशन झालं तर निदान दोन-तीन आठवडे शाळा नाही. टेस्ट नाही. फळा नाही. तो ठिपका आणि ते वर्तुळ नाही. पोट कापून घेणं तिला त्या वर्गापेक्षा सोपं वाटलं.

मग हातात सलाइनची सुई टोचली. एक फिलिपिनो नर्स हिरवा गाऊन ठेवून गेली. पाठीमागे नाड्या असलेला, आणि आतले सगळे कपडे काढून घालायचा. तो गाऊन चादरीवर घडी करून पडला होता. उर्वी त्याच्याकडे बघत राहिली. आता ही भीती निराळी होती. वर्गातली भीती गरम असायची, चेहरा तापायचा. ही थंड होती, पायाच्या बोटांपासून वर चढत होती. पोट मात्र आता अजिबात दुखत नव्हतं. दुखत नाही हे कळल्यावर तिला जास्तच धास्ती वाटली. तिने स्वतःच हाताने उजवी बाजू दाबून पाहिली. काही नाही. आपण सांगितलं म्हणून हे लोक आपलं पोट उघडणार, आणि आत काही नसणार.

आता सांगायला हवं. पण कसं सांगायचं? आईने सगळ्या शाळेसमोर तिला गाडीत घातलं होतं. मराठीत तर तिला नीट वाक्यही जुळवता येईना, आणि इंग्रजीत सांगितलं तर ते फारच खरं वाटलं असतं.

बाळकृष्ण कामावरून तसेच आले, हॉटेलचा युनिफॉर्म अंगावर, खिशात टेस्टर. उर्वीने बाबांना जिन्यावरून पडलेलं पाहिलं होतं, हात भाजून घेतलेलं पाहिलं होतं, कधी कुरकुर ऐकली नव्हती. ते तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "भिवू नको गो बाय. काय एक होवचा नाय." आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना वाटलं, तिला दिसत नाहीये. पण त्यांचे खांदे हलत होते.

आई कागदावर सही करत होती. तिचं पेन एकदा घसरलं.

उर्वीला त्या दोघांकडे बघवेना. आपण जीव वाचवायला म्हणून जे केलं ते आता ह्या दोघांच्या जिवावर आलं होतं.

डॉ. नौशीन परत आल्या. हातमोजे चढवले. "चला, बघू पुन्हा. कुठे दुखतंय?"

उर्वीच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते द्यायला काहीच कष्ट नव्हते.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"माहीत नाही. मी मघाशी… मी खोटं सांगितलं." डॉक्टर सफिया मिससारख्याच थांबल्या. उर्वीने डोळे मिटून घेतले. "पोट दुखतं. रोज दुखतं, ते खरंय. पण राइट साइडला नाही. सगळीकडे. आणि मॅथ्सच्या क्लासला दुखतं. बाकी नाही. आता नाही दुखत. प्लीज, मला कापू नका."

मग आईचा आवाज आला. "उर्वी, काय बोलतेस तू हे?"

"मम्मी, तू विचारायचीस ना, मला कळायचं तुला काय ऐकायचंय…" पुढचं रडण्यात गेलं.

सुगंधा ताडकन उठली. तिचा हात वर गेला होता. उर्वीने तो पाहिला आणि अंग चोरलं. पण हात खाली आला तो सुगंधाच्या स्वतःच्याच तोंडावर. ती तोंड दाबून खाली बसली आणि हुंदके द्यायला लागली.

डॉ. नौशीननी दोघींनाही थोडा वेळ दिला. उर्वीचं पोट पुन्हा सगळीकडून तपासलं, सावकाश, मधेमधे तिला दुसरंच काहीतरी विचारत. मग हातमोजे काढले. "ऑपरेशनची गरज नाही. उद्यापर्यंत इथेच ठेवून लक्ष ठेवू, तेवढी काळजी घ्यायलाच हवी. आणि सिस्टर, एक ऐका. दुखतं ते खोटं नाहीये. भीतीने पोट खरंच दुखतं, चांगलं मुरड येऊन दुखतं. कुठे दुखतं एवढंच तिने खोटं सांगितलं. त्यासाठी तिला मारू नका."

"मला सांगता नाही आलं तुला?" सुगंधा लेकीला म्हणाली. "मी तिथेच होते ना. एक जिना खाली."

उर्वीने चादर तोंडावर ओढली.

दुसऱ्या दिवशी घरी परत जाताना गाडी बाळकृष्ण चालवत होते. सीबची मशीद दिसायला लागल्यावर त्यांनी आरशातून तिच्याकडे पाहत विचारलं, "असतं तरी काय गो त्या प्री-कॅल्क्युलसात?"

उर्वीने सांगायचा प्रयत्न केला. कोन मोजायचे, पण अंशांत नाही. आलेख काढायचे, पण आकडे न देता. एखादी गोष्ट बदलली की दुसरी कशी बदलते ते सांगायचं.

"मला काही कळलं नाही," बाळकृष्ण म्हणाले. "सोडायचा असेल तर सोड तो विषय. मी काही बोलणार नाही."

हे ऐकल्यावर तिला सुटका वाटायला हवी होती. वाटली नाही. उलट रडू आलं. तिला विषय सोडायचा नव्हता. तिला घाबरायचं नव्हतं. ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे तिला त्या गाडीत पहिल्यांदा कळलं.

सुगंधाने सफिया मिसना भेटायचं ठरवलं. उर्वीने हातापाया पडून नको म्हटलं, आणि शेवटी स्वतःच गेली, मधल्या सुट्टीत. बोलायचं ते घोकून गेली होती, पण दारातच विसरली. मिस खजूर खात कागद तपासत होत्या.

"मिस, मला तुमच्या वर्गाची भीती वाटते," ती म्हणाली. "तुम्ही थांबता त्याची."

सफिया मिसनी पेन खाली ठेवलं. उर्वीला वाटलं, झालं, खलास. मग त्या म्हणाल्या, "मी थांबते ते मुलांना वेळ मिळावा म्हणून. कुणाला ते छळासारखं वाटत असेल हे माझ्या लक्षात आलं नाही. पण मी थांबणं सोडणार नाही, उर्वी. फार तर फळ्यावर तू एकटी असणार नाहीस. अमरीनला घेऊन ये. दोघी उभ्या राहा."

"आणि दोघींनाही नाही आलं तर?"

"तर दोघींना आलं नाही."

एवढंच. मिसनी धीराचे चार शब्दही दिले नाहीत. एक खजूर मात्र दिला.

युनिट टेस्ट तिने नंतर एकटीने दिली. त्या दिवशी पोट दुखलं, पण ती खाली गेली नाही. सुगंधा मात्र चौथ्या तासाला वर आली, आणि काचेच्या दारातून आत बघून परत गेली. उर्वीने पाहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात मिसनी तिला आणि अमरीनला बोलावलं. फळ्यावर एक वाकलेली रेघ होती, डावीकडे उंच आणि उजवीकडे खाली खाली उतरत जाणारी. एक भागिले एक्स. "एक्स मोठा मोठा होत गेला," मिस म्हणाल्या, "तर ही रेघ खालच्या आडव्या रेषेला कधी टेकेल?"

अमरीन तिच्या कानात म्हणाली, "मला काही येत नाही, तू बोल." वर्ग बघत होता. मिस थांबल्या.

"कुठे टेकेल ते मला माहीत नाही," उर्वी म्हणाली. आवाज चिरका निघाला, मागे कुणीतरी हसलं. तिने मार्कर घट्ट धरला. "जवळ जातेय एवढं माहीत आहे. हजाराने भागलं तर… लाखाने भागलं तर अजून लहान."

"मग?"

"टेकायची तर उत्तर शून्य यायला पाहिजे." ती थांबली. आतून काहीच वर येत नव्हतं. तिला स्वतःच खाली वाकून शोधावं लागत होतं, अंधारात हात फिरवल्यासारखं. "पण एकाला कितीही मोठ्या आकड्याने भागलं, तरी शून्य नाही येत. काहीतरी उरतंच. म्हणजे… टेकणारच नाही?"

"मला काय विचारतेस?" मिस म्हणाल्या. "तू सांग."

"टेकणार नाही."

"बरोबर. आणि डावीकडे, एक्स शून्याच्या जवळ आला तर?"

ते तिला आलं नाही. तिने रेघ खाली वळवली, अमरीनने ती पुसून सरळ केली, आणि दोन्ही चुकलं. मागच्या बाकावरच्या मुआजने उठून ते बरोबर केलं. उर्वी जागेवर येऊन बसली तेव्हा तिची पाठ घामाने चिकटली होती. अमरीनने तिला कोपर मारलं. "जिवंत आहेस?"

"माहीत नाही," उर्वी म्हणाली, आणि दोघींना हसू आवरेना, इतकं की मिसनी वळून पाहिलं.

टेस्टमध्ये तिला शंभरापैकी अठ्ठावन्न मिळाले. इतके कमी गुण तिने उभ्या जन्मात पाहिले नव्हते. घंटा झाल्यावर ती पेपर घेऊन खालच्या मजल्यावर गेली. नर्सच्या खोलीत सुगंधा पहिलीतल्या एका मुलीच्या नाकाचं रक्त थांबवत होती. लेक दारात दिसताच तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग उर्वीकडे.

"दुखतंय?"

"थोडं. पण तास झाला, मम्मी. मी बसले होते पूर्ण." उर्वीने पेपर पुढे केला. "फिफ्टी-एट."

सुगंधाचे दोन्ही हात गुंतलेले होते. तिने मान वाकडी करून लाल आकडा वाचला, ओठ घट्ट मिटले, आणि जरा वेळाने म्हणाली, "तिथला कापूस दे मला. आणि बस इथे. चुकलं कुठे ते सांग."

उर्वीने कापूस दिला आणि कॉटच्या कडेवर बसून पहिलं पान उघडलं.